शेलार आणि चौथा भाग

मुकुंद शेलारांना मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मनातून उतरवलं. पुढची नऊ वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काढली, पण माझं मत बदलावं असं त्यांनी काही केलं नाही. त्यांचंही माझ्याबद्दलचं मत फारसं बरं नव्हतं. फरक एवढाच, की मी माझं मत इतरांना सांगायचे, आणि ते त्यांचं मत थेट मला सांगायचे.

रंगांना लागणारी रसायनं बनवणारी आमची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत होती. मी विठ्ठलवाडीहून यायचे, शेलार बदलापूरहून. प्रयोगशाळेत आलेला नमुना ओव्हनमध्ये वाळायला ठेवला की दोन तास हातावर हात ठेवून बसायचं. त्या दोन तासांत कुणी मोबाइल बघे, कुणी चहाला जाई. शेलार वाचत. पन्नाशी ओलांडलेला, टकलावर सेफ्टी गॉगल सरकवलेला, भरघोस पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि हातात एक इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठावर लाल झग्यातली मुलगी, मागे चंद्र, चंद्राखाली लांडगा. एखादा शहाणा माणूस असता तर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं असतं. शेलार ते पुस्तक टेबलावर ठेवताना मुद्दाम चित्र वर येईल असं ठेवत.

"मुलीचं वाटतं," मी म्हटलं.

"माझं आहे. मुलगी अभ्यासाचं वाचते." मग उलट मलाच, "तुम्ही वाचता काही?"

"चरित्रं वाचते. थोरांची."

"म्हणजे शेवट आधीच माहीत असलेली," ते म्हणाले आणि पुन्हा पुस्तकात शिरले.

तर असे हे शेलार. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचायचे. रक्त पिणारे देखणे तरुण, शापित राजघराणी, पौर्णिमेला अंगावर केस उगवणारे प्रियकर, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक साधीसुधी मुलगी, जी चाळीसाव्या पानापर्यंत अजिबात साधी राहात नाही. मी त्यातली दोन-तीन चाळून पाहिली. प्रत्येकीत कुणीतरी श्वास रोखून धरलेला असे आणि तो रोखला होता हे त्याला सोडल्यावर कळत असे. असलं वाचणाऱ्या बाप्याला माझ्या मते घरी आरशात बघायची सोय नसावी.

पण गंमत अशी, की शेलारांना आमची कीव यायची. आमचे प्लँटचे साहेब यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकं वाचत आणि मीटिंगमध्ये त्यातली वाक्यं फेकत. शेलार म्हणायचे, "सकाळी पाचला उठा हे सांगायला तीनशे पानं? माझी आय एका लाथेत सांगायची." वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ते 'कालचं खाणारे' म्हणत. आणि स्वतःच्या आवडत्या प्रकारातसुद्धा त्यांना सगळं चालत नसे. एखादं पुस्तक पटलं नाही की ते दाणकन मिटून निकाल देत. "लांडगा आहे, पण पार घरजावई झालाय." किंवा, "दोनशे वर्षं जगला म्हणे. दोनशे वर्षांत एवढीही अक्कल नाही आली, तर मेलेला बरा होता." लेखिकांवर तर त्यांचा विशेष राग. पहिला भाग चांगला लिहून दुसऱ्यात फुकट पानं वाढवणारीला ते 'पाणीवाली' म्हणत. त्यांचं मूळ गाव जांभूळकडचं, घरची भातशेती आणि दोन दुभत्या म्हशी. दुधात पाणी घालणारा त्यांना लांबून ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं.

उल्हासनगरच्या कॉलेजातून बीएस्सी केलेला हा माणूस इंग्रजी शिकला तोही याच पुस्तकांवर. त्यामुळे त्यांना कफन, सुळा, तळघर, शाप यांचे इंग्रजी शब्द मुखोद्गत होते आणि रजेचा अर्ज मात्र धड लिहिता येत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाला पाठवलेल्या अहवालात त्यांनी नमुन्याच्या तळाशी 'ऑमिनस' गाळ दिसतो असं लिहिलं. म्हणजे अशुभसूचक. गिऱ्हाइकाचा फोन आला, की माल परत पाठवू की पूजा घालू? साहेबांनी शेलारांना सगळ्यांदेखत झापलं. शेलारांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही तो गाळ बघितला होता का? दुसरा शब्दच नाही त्याला." आणि त्याच महिन्यात तो माल खरंच नासला, हेही सांगायला हवं. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं.

पुस्तकं आणायला ते उल्हासनगरला जात. तिथे जुनी पुस्तकं विकणारा हरीश नावाचा एक सिंधी दुकानदार होता. गाइडं, कॅलेंडरं, लग्नपत्रिकांचे नमुने यांच्या मागे त्याने शेलारांसाठी एक फळी राखून ठेवली होती. एकदा जाता जाता मला त्यांच्याबरोबर तिथे थांबावं लागलं. शेलारांनी आदल्या आठवड्यात नेलेल्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं गायब होती आणि ते भांडायला आले होते.

"साईं, हिरो को हिरोईन मिल गयी ना?" हरीश म्हणाला. "फिर और क्या चाहिए?"

"मिली का नाही तेच त्या सोळा पानांत आहे!"

"मिल गयी. मैं बोलता हूं ना. मिलती ही है."

शेलार असे काही चिडले, की दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली. "मिलतीच असती तर मी वाचलं असतं का? आणि तू न वाचता सांगणारा कोण?" हरीशने हात जोडले. दोन आठवड्यांनी कुठून तरी दुसरी प्रत मिळवून त्याने ती सोळा पानं झेरॉक्स करून दिली. शेलारांनी ती पुस्तकाला सुईदोऱ्याने शिवली. मिलती का नाही ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. शेलारांचा खरा जीव होता एका मालिकेत. तिला ते 'नदीवाली' म्हणत. एका नदीकाठच्या गावात मेलेली माणसं रोज संध्याकाळी होडीतून परत येतात आणि एका सतरा वर्षांच्या मुलीलाच ती दिसतात, शिवाय तिच्यामागे एक लांडगा आणि दोनशे वर्षांचा एक मेलेला तरुण, अशी काहीतरी गोष्ट. त्या मुलीचं नाव शेलारांना नीट उच्चारता येत नसे, म्हणून ते तिला 'आपली पोरगी' म्हणायचे. तीन भाग आले होते, चौथ्यात शेवट होता. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत आपली पोरगी होडीत पाय ठेवते. तिथे लेखिकेने तिला सोडलं आणि सहा वर्षं तशीच ठेवली.

त्या सहा वर्षांत लेखिकेने पाच वेळा तारीख जाहीर केली आणि पाच वेळा पुढे ढकलली. शेलार दर वेळी भिंतीवरच्या कंपनीच्या कॅलेंडरवर तारखेला लाल गोल करत, दर वेळी रजेचा अर्ज देत, कारण 'घरगुती', आणि दर वेळी तो परत घेत. एचआरमधली मुलगी आम्हाला विचारायची, यांच्या घरी असं कोण आजारी असतं, जे बरंही होत नाही आणि जातही नाही? आम्ही हसून हसून वेडे व्हायचो. जेवणाच्या सुट्टीत ते आपली पोरगी होडीतून परत येईल की नाही यावर बोलत आणि आम्ही एकमेकांना डोळे मारत ऐकत असू. मीच त्यांना मुद्दाम विचारायचे, "मग शेलार सर, लांडगा की दोनशे वर्षांचा?" ते गंभीरपणे उत्तर द्यायचे. थट्टा त्यांना कळत नव्हती असं मी तेव्हा धरून चालले होते.

मग तो वाचनाचा कार्यक्रम आला. साहेबांच्या डोक्यातून निघालेला. प्रत्येकाने आपलं आयुष्य बदलणाऱ्या पुस्तकावर दोन मिनिटं बोलायचं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या, समोसे आले. लोक यशाच्या पुस्तकांवर बोलले, साहेब माना डोलावत राहिले. मी एका चरित्रावर बोलले आणि टाळ्या घेतल्या. मग शेलार उठले आणि नदीवालीवर वीस मिनिटं बोलले.

मी मोबाइल काढला. मला स्वतःला असं कधी वाटलं नव्हतं, की मी लोकांचं चोरून चित्रण करणारी बाई आहे; पण केलं. चोपन्न वर्षांचा माणूस, खिशाला पेन, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि कळकळीने सांगतोय, की त्या पोरीला सतराव्या वर्षी ठरवायचंय, लांडग्याबरोबर जायचं की मेलेल्याबरोबर. सांगता सांगता त्यांचा आवाज जड झाला. मागच्या रांगेत कुणीतरी लांडग्यासारखं ओरडलं. मला हसू आवरेना. दोन मिनिटं झाली तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि ते पुढे बोलत असतानाच लॅबच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमध्ये आम्ही अकरा जण होतो.

आठवडाभरात ते बदलापूरला पोचलं. माझ्या भावाला त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आलं. वर कुणीतरी लांडग्याचं तोंड चिकटवलं होतं.

शेलारांची मुलगी प्राची तेव्हा पुण्यात नोकरी करत होती आणि तिचं लग्न जमत आलं होतं. अंबरनाथचं स्थळ, मुलगा इंजिनिअर. पाहुणे बदलापूरला बोलणी करायला आले, पोहे झाले, आणि मुलाच्या मामाने खिशातून मोबाइल काढून तो व्हिडिओ लावला. "हे तुम्हीच ना?" सगळे हसले. मुलगा हसला. प्राचीही हसली. जाताना मामा म्हणाला, "आता व्याही होणार तुम्ही. पोरखेळ पुरे करा."

हे मला शेलारांनीच दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. तेव्हा तो व्हिडिओ कोणी काढला होता हे आमच्यातल्या कुणीही उच्चारलं नाही. मी भेंडीची भाजी पुढे सरकवली.

त्यानंतर शेलारांनी पुस्तक आणणं बंद केलं. नमुना ओव्हनमध्ये ठेवून ते दोन तास ओव्हनसमोर बसायचे. नुसते. मध्येच उठून एखादं 'कालचं' उचलायचे, एक पान वाचून परत ठेवायचे. साहेब म्हणाले, "बघा, माणूस बदलू शकतो." आम्ही जिंकलो होतो. आणि जेवणाच्या सुट्टीत बोलायला कुणाकडे काहीही नव्हतं. एकमेकांच्या सासवांवर आम्ही किती वेळ बोलणार?

लग्नाच्या आधीच्या रविवारी मी आहेराची साडी घेऊन त्यांच्या घरी गेले. खरं कारण साडी नव्हतं. मनात होतं, की वहिनींना एकटीला गाठून व्हिडिओचं सांगून टाकावं. शेलार हॉलच्या माणसाला भेटायला गेले होते. वहिनींनी चहा टाकला. फ्रिजवर एक खाकी पाकीट होतं, कुरिअरचं, न फोडलेलं.

"तेच आलंय," वहिनी म्हणाल्या. "चौथं. पंधरा दिवस झाले. हात लावला नाही."

"का?"

"प्राची म्हणाली, बाबा, लग्न होईपर्यंत तरी नको. हे म्हणाले, बरं."

मी चहा पीत राहिले. मला त्यांच्यासाठी एखादं बरं कारण हवं होतं, म्हणजे माझं काम सोपं झालं असतं. म्हणून विचारलं, "वहिनी, सरांना ही आवड लागली कशी? म्हणजे, घरात काही झालं होतं का? कुणी गेलं वगैरे? ती मेलेली माणसं परत येतात, म्हणून…"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मोलकरणीच्या जागेसाठी आले आहे आणि मला भांडीही घासता येत नाहीत.

"कोण जाणार? सासूबाई आहेत गावाला, ठणठणीत. कारण कसलं हो? आवडतात त्यांना. तुम्हाला पाणीपुरी आवडते तर मी विचारते का, घरात कोण गेलं म्हणून?"

मी काही न सांगता परत आले.

लग्न छान झालं. मामा जेवणाच्या पंगतीत लांडग्यासारखा ओरडला, शेलारांनी त्याला आग्रहाने जिलबी वाढली. मुलीची पाठवणी झाली, रडारड झाली, आणि तिसऱ्या दिवशी शेलार लॅबमध्ये आले ते पुस्तक काखेत घेऊन. जाडजूड, कोरं, मुखपृष्ठावर होडी. टेबलावर ठेवलं, चित्र वर. साहेब काचेतून बघून आत आले.

"अरे शेलार, सुटलं होतं ना हे?"

"मुलीचं लग्न होईपर्यंत शब्द दिला होता, सर. लग्न झालं."

त्या दिवशी त्यांनी तीन नमुने ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवले. आम्ही सगळे, कबूल करायला लाज वाटते, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. चार दिवस ते वाचत होते. पाचव्या दिवशी दुपारी पुस्तक मिटलं. दाणकन नाही, हळूच.

"काय झालं?" मी विचारलं. या वेळी थट्टेत विचारलं नव्हतं.

"भिकार," शेलार म्हणाले.

"म्हणजे?"

"लग्न लावून दिलं तिचं. मेलेल्यांशी भांडणारी पोरगी, मॅडम. नदी अडवली होती तिनं. शेवटच्या पानावर दोन मुलं आहेत, अंगण आहे, आणि ती भाकऱ्या भाजतेय. नदीचं नावसुद्धा नाही." मग म्हणाले, "सहा वर्षं लावली बाईनं, आणि पाणी घातलं."

आम्हाला वाटलं, आता हा माणूस खरंच सुटला. इतक्या वर्षांची वाट पाहून तोंडावर आपटल्यावर कुणीही सुटेल. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच कुठल्या मालिकेचा पहिला भाग घेऊन आले. या मालिकेत म्हणे खाण होती आणि खाणीत काहीतरी जागं होतं. दुसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली होती. कॅलेंडरवर लाल गोल झाला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की काही माणसांना अक्कल येतच नाही. त्याने विचारलं, कोणाबद्दल बोलतेस? मी विषय बदलला.

शेलार निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं आणि साहेबांनी यशस्वी कसं व्हावं याचं एक पुस्तक. ते पुस्तक मी नंतर लॅबमध्ये पाहिलं. ओव्हनच्या डुगडुगत्या पायाखाली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांनी, बदलापूरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात. मी आईला दाखवायला आणलं होतं. आई आत तपासणीला होती. बाहेरच्या बाकावर शेलार बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने हात लांब धरून पुस्तक वाचत होते. मुखपृष्ठावर मुकुट आणि साप. शेजारी बसलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. मला अजूनही लाज वाटली, त्यांची. तरी जाऊन बसले.

इकडचं तिकडचं झालं. प्राची बरी होती, नवऱ्याबरोबर पुण्यात. वहिनी बऱ्या होत्या. मग मी म्हणून टाकलं, "सर, तो व्हिडिओ मी काढला होता."

"माहितेय," शेलार म्हणाले. "हसण्याचा आवाज तुमचाच होता त्यात. नऊ वर्षं ऐकलाय."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? मी वीस मिनिटं बोललो, तुम्ही दोन मिनिटं घेतली. तीही सगळ्यांत फालतू." आता त्यांच्या आवाजात राग आला, पहिल्यांदाच. "लांडगा की मेलेला, हे तर पाठीमागच्या कव्हरवर छापलंय. मी पुढे त्या पोरीच्या आईबद्दल बोललो होतो. आई रोज संध्याकाळी होडीत असते, हाक मारते. पोरगी एक शब्द बोलली तर आई उतरेल. ती बोलत नाही. तीन पुस्तकं ती बोलत नाही. का बोलत नाही ते मी सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं मी ते, चांगलं जमलं होतं. ऐकलंत का तुम्ही?"

मी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी ग्रुपवर पाठवत होते.

"का बोलत नाही?" मी विचारलं.

शेलारांनी त्या एका डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आता विचारताय?" ते म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, माझं बोट पानांत घातलं आणि बजावलं, "पान सोडू नका." आणि भिंत चाचपत आत गेले.

दहा-पंधरा मिनिटं मी बोट घालून बसले. मग उघडलं. एक मुलगी होती, एक साप होता, कुणीतरी श्वास रोखून धरला होता. भिकार पुस्तक होतं, आजही मी तेच म्हणेन. आईला बाहेर आणून कुणीतरी माझ्या शेजारी बसवलं तेही मला कळलं नाही, आणि शेलार समोर येऊन उभे राहिले तेव्हा माझं बोट भलत्याच पानावर होतं.

"पान?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पुस्तक हिसकावून घेतलं, "हेसुद्धा जमू नये?" एवढंच म्हणाले आणि निघाले. आईचा हात धरून मी जिन्यापाशी आले तर ते मधल्या पायरीवर उभे होते. पट्टीचा डोळा भिंतीकडे, उघडा डोळा पुस्तकात, अंगठ्याने एकेक पान मागे सारत. खालून येणारी आणि वरून उतरणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. एकाने "काका, बाजूला व्हा ना" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.